बाटलीतलं दुसरं औषध

मामांच्या पायात काटा गेला तो आंबिया बहाराच्या छाटणीत. सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग करणाऱ्या माणसाला काट्याचं कौतुक नसतं. उपटला, हळद दाबली आणि पुन्हा कामाला लागले. पण मामांना बारा वर्षांपासून साखर आहे, पायाची बोटं बधिर झालेली. काट्याचं टोक आत राहिलं ते त्यांना कळलंच नाही. पाचव्या दिवशी पाऊल सुजलं, तेव्हा गावातल्या मेडिकलमधून सुजेच्या आणि अँटिबायोटिकच्या अशा तीन दिवसांच्या गोळ्या आणल्या. नवव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, श्वास भराभरा चालायला लागला आणि मामा असंबद्ध बोलू लागले. मामेभावाने गाडी काढली आणि मंगळवेढ्याच्या रस्त्याने थेट सोलापूर गाठलं. मी इथेच राहतो. इथल्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून दवाखान्यात पोचल्यावर सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.

रक्तदाब खाली गेला होता. डॉक्टरांनी दोन्ही दंडांतून रक्त घेऊन कल्चरच्या बाटल्या भरल्या, जखमेतला पू घेतला आणि लगेच इंजेक्शन सांगितलं. सिस्टरने काचेची बाटली काढली. तळाला पांढरी भुकटी. सुईने आत पाणी सोडून तिने बाटली दोन्ही तळव्यांत फिरवली. आधी फेस आला, मग भुकटी विरघळत गेली. थेंबभरही गढूळपणा राहिला नाही तेव्हाच तिने ते औषध सलाईनच्या लहान बाटलीत सोडलं. लेबलावर दोन नावं होती. पिपरासिलिन ४ ग्रॅम, टॅझोबॅक्टम ०.५ ग्रॅम. वॉर्डात याला ‘साडेचार ग्रॅम’ एवढंच म्हणतात.

मामींनी ते वाचलं आणि मला विचारलं, “दोन औषधं एकाच बाटलीत म्हंजे डबल पावर का रे?”

मामेभाऊ म्हणाला, “आपल्या स्ट्रेप्टोसायक्लिनवाणी असंल. त्यातबी दोन असत्यात.”

दोघांचं उत्तर चुकलं होतं, पण वर्गातल्या मुलांपेक्षा ते कितीतरी जवळ पोचले होते. त्या रात्री बाकावर बसून मी त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो आहे. सोलापूरच्या दवाखान्यांत धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीपासून पेशंट येतात आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या सलाईनला अशीच जोड-औषधाची बाटली लटकते. खाली बसलेल्या नातेवाइकांना ती ‘भारी औषध’ म्हणून ठाऊक असते. त्यापलीकडचं फारसं कुणी सांगत नाही.

स्ट्रेप्टोसायक्लिनपासूनच सुरुवात करतो, कारण या जिल्ह्यात ते घराघरात आहे. डाळिंबाला तेल्या पडतो. पानावर, फळावर तेलकट डाग उठतात, डाग काळे पडतात आणि हाताशी आलेलं फळ तडकतं. हा रोग जीवाणूचा आहे. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तो झाडावरून झाडावर जातो. या रोगाने सांगोला-पंढरपूरच्या पट्ट्यातल्या कितीतरी बागा शेतकऱ्यांना मुळासकट काढून टाकाव्या लागल्या. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला आहे. २००५ साली ते सुरू झालं, आणि तेल्या हा त्यांच्या कामाचा मोठा भाग राहिलेला आहे. शेतकरी तेल्यावर ताम्रयुक्त औषधाबरोबर स्ट्रेप्टोसायक्लिनची लहानशी पुडी टाकून फवारतात. त्या पुडीत नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन असतं. दोन्ही खरीखुरी अँटिबायोटिक्स, दोन्ही जीवाणूच्या प्रथिनं बनवण्याच्या यंत्रावर आघात करणारी, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी. म्हणजे दोन मारेकरी एका पुडीत. माणसाच्या क्षयरोगावर आलेलं पहिलं परिणामकारक अँटिबायोटिक हेच स्ट्रेप्टोमायसिन होतं. ते बागांवर फवारल्याने मातीतल्या जीवाणूंनाही त्याची सवय होते, या काळजीने केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतला हा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. ज्याची बाग डोळ्यांदेखत जाते आहे त्याला हे पटवणं किती अवघड असतं, ते मी मामांच्या ओट्यावर बसून अनुभवलं आहे.

दवाखान्यातल्या बाटलीचा हिशेब मात्र वेगळा. तिच्यातलं टॅझोबॅक्टम जवळजवळ कुणालाच मारत नाही.

मग ते कशासाठी? त्यासाठी जीवाणूचा कोट बघावा लागतो, आणि सोलापूरकराला तो समजवायला मागाशिवाय दुसरं उदाहरण शोधायची गरज नाही. जीवाणूच्या अंगाभोवती खरोखरच एक विणलेलं कापड असतं. ताण्याच्या धाग्यांसारख्या साखरेच्या लांब साखळ्या, आणि त्यांना आडवं बांधणारे प्रथिनांचे लहान लहान टाके. आत पेशीचं पाणी दाबाने भरलेलं असतं. हे कापड आहे म्हणून ती फुटत नाही. जीवाणू वाढताना, दोनाचे चार होताना हे कापड सतत थोडं उसवतो आणि नव्याने विणतो. आडवे टाके घालणारी काही एन्झाइम्स असतात, त्यांना आपण विणकर म्हणू. पेनिसिलीन आणि त्याची सगळी भावंडं, त्यात पिपरासिलिनही आलं, या विणकरांना फसवतात. त्यांचा आकार टाक्याच्या टोकासारखा असतो. विणकर धागा समजून ते हातात घेतो आणि त्याचा हात तिथेच कायमचा चिकटतो. उसवणं चालू राहतं, विणणं थांबतं. कापड विरळ होतं, आतल्या दाबाने पेशी फुटते. माणसाच्या पेशींना असा कोटच नाही, म्हणून पिपरासिलिनसारखं औषध चार-चार ग्रॅम रक्तात सोडता येतं.

पेनिसिलीनच्या या फसव्या धाग्यात चार अणूंची एक चौकोनी कडी आहे. तिला बीटा-लॅक्टम म्हणतात. ही कडी ताणलेल्या कमानीसारखी असते. तिच्या ताणातच औषधाचा जीव आहे. आणि जीवाणूंनी नेमकी ती कडी कापणारी कात्री बनवली आहे, बीटा-लॅक्टमेझ नावाचं एन्झाइम. कडी कापली की औषध निकामी. कात्री मात्र तशीच्या तशी, पुढचा रेणू कापायला मोकळी. ई. कोलाय, क्लेब्सिएला यांच्यासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंना कोटाच्या बाहेर आणखी एक आवरण असतं, आणि त्या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत या कात्र्या दबा धरून बसलेल्या असतात. औषध विणकरापर्यंत पोचायच्या आत तिथेच त्याचे तुकडे होतात.

टॅझोबॅक्टम आत शिरतं ते या कात्रीसाठी. त्याच्याही अंगात तीच चौकोनी कडी आहे. कात्री ती कापायला जाते, कापतेही, पण तुटलेला तुकडा डिंकासारखा पात्यांत घट्ट बसतो. कात्री मिटत नाही, उघडत नाही. टॅझोबॅक्टमचा रेणूही यात संपतो आणि कात्रीही. तेवढ्यात पिपरासिलिन बाजूने निसटून विणकरापर्यंत जातं. मामींना मी एवढंच म्हणालो, “ताकद डबल नाही मामी. एक औषध अंगावर वार घेतं, म्हणून दुसऱ्याला आपलं काम करता येतं.” त्यांनी मान हलवली आणि सलाईनकडे बघत बसल्या.

अशी जोडी जमवणं सोपं नसतं. बैलजोडी लावताना शेतकरी दोघांची चाल बघतो. एक पुढे ओढतो आणि एक मागे रेंगाळतो अशी जोडी जू मोडते. औषधांचंही तेच. पिपरासिलिन आणि टॅझोबॅक्टम, दोन्ही रक्तात साधारण तासाभरात निम्मी होतात आणि दोन्ही मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतात. गोळीतली ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची जोडीही अशीच समचालीची. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी सेफ्ट्रियाक्सोन आणि सल्बॅक्टमची जोडी मला मात्र पटलेली नाही. सेफ्ट्रियाक्सोन निम्मं व्हायला सहा ते नऊ तास घेतं आणि सल्बॅक्टम तासाभरातच. दिवसातून एकदा-दोनदा ते इंजेक्शन दिलं, तर बराचसा वेळ मारेकरी एकटाच उरतो आणि त्याला वाचवणारा कधीच निघून गेलेला असतो. सल्बॅक्टमचा एक गुण मात्र सांगायला हवा. आयसीयूत पेशंटांना छळणारा ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जीवाणू आहे, त्याला ते स्वतः मारू शकतं.

कात्रीची गोष्ट औषधापेक्षा जुनी आहे, हे मला अजूनही थक्क करतं. ऑक्सफर्डमध्ये अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलीन तोडणाऱ्या एन्झाइमची नोंद डिसेंबर १९४० मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर दोन महिन्यांनी, फेब्रुवारी १९४१ मध्ये, त्याच ऑक्सफर्डमध्ये ॲल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलीन टोचलं गेलं. ताप उतरला, माणूस जेवू लागला. पण औषध संपलं. त्याच्या लघवीतून ते परत गाळून काढून पुन्हा दिलं, तरीही पुरलं नाही, आणि मार्चमध्ये तो गेला. म्हणजे रोग्याच्या शरीरात या औषधाची खरी परीक्षा व्हायच्या आधीच त्याचा शत्रू शास्त्रज्ञांना दिसला होता.

त्या वर्षांत सोलापूरचा एक डॉक्टर चीनमध्ये होता. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१०, सोलापूर. भैय्या चौकातून जाताना त्यांचं स्मारक लागतं. १९३८ साली भारतातून गेलेल्या वैद्यकीय पथकात ते होते, आणि पुढे ज्या रुग्णालयाचे ते संचालक झाले त्याला नॉर्मन बेथ्यून या कॅनडियन सर्जनचं नाव होतं. बेथ्यून कसे गेले हे कोटणिसांचं नाव घेणाऱ्या किती सोलापूरकरांना माहीत असेल? आघाडीवर हातमोज्यांशिवाय शस्त्रक्रिया करताना त्यांचं बोट कापलं. जखमेतून जंतू रक्तात पसरले आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते वारले. उत्तम सर्जन, जगाच्या लढायांत हजारोंना वाचवलेला माणूस, बोटाच्या एका चिरेने. मामांच्या पायातला काटा आणि बेथ्यूनचं बोट यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. अंतर आहे ते सिस्टरने तळव्यांत फिरवलेल्या त्या बाटलीचं.

पेनिसिलीन महाराष्ट्रात बनायला १९५५ साल उजाडलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. कंपनी १९५४ ची. बागेत फवारली जाणारी स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी त्याच कारखान्याचं उत्पादन. मामांच्या बागेतलं आणि माझ्या आजीच्या निमोनियावरचं औषध एकाच दारातून बाहेर पडलं होतं. पण तोपर्यंत रुग्णालयांत पेनिसिलीनला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस पसरले होते. कात्री अडवणारा पदार्थ सापडला तो १९७० च्या दशकात, मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसच्या जातीत. तेच क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. ॲमॉक्सिसिलिनबरोबरची त्याची गोळी १९८१ साली ब्रिटनमध्ये आली. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम त्यानंतर दशकभराने, १९९० च्या दशकात.

रात्री दोनच्या सुमारास सिस्टर पुन्हा आली. मामी दचकल्या. आता कशाला झोपमोड, सकाळी द्या की, असं त्यांच्या तोंडावर होतं. या औषधाचं एक वैशिष्ट्य असं, की रक्तात ते किती उंच चढलं यापेक्षा किती वेळ पुरेशा पातळीवर टिकलं, याला महत्त्व आहे. औषधाची पातळी उतरली की जीवाणू नवे विणकर बसवतो आणि विणणं पुन्हा सुरू होतं. म्हणून सहा-आठ तासांनी डोस. आणि गंभीर पेशंटमध्ये अर्ध्या तासात बाटली संपवण्याऐवजी काही ठिकाणी ती चार तास थेंब-थेंब चालवतात. दोन वाजताचा डोस सकाळी सहाला दिला, तर मधले चार तास जीवाणूंना मोकळं रान. मामींना हे सांगितल्यावर पुढच्या रात्री दोनला त्याच जाऊन सिस्टरला उठवून आल्या.

पहिला डोस लवकर जाणं तर त्याहून महत्त्वाचं. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेला असेल तर पहिलं अँटिबायोटिक तासाच्या आत जावं, असं २०२१ चे आंतरराष्ट्रीय निर्देश सांगतात. पण त्याआधी कल्चरचं रक्त घ्यायचं, कारण औषध अंगात गेलं की बाटलीत जीवाणू वाढायला कचरतात आणि खरा गुन्हेगार सापडत नाही. मामांच्या बाबतीत गावच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी आधीच थोडं नुकसान केलं होतं. तेवढ्याने जीवाणू मेले नाहीत, पण रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. पायाच्या जखमेने मात्र नाव सांगितलं.

तेही कसं सांगितलं, ते बघायला हवं. वरवरचा पू कापसाच्या काडीवर घेतला तर त्वचेवरचे सगळे बघे जीवाणू त्यात येतात. म्हणून सर्जनने जखम साफ करताना खोलवरच्या मांसाचा तुकडा दिला. आणि ही सफाई औषधाइतकीच गरजेची होती. मेलेल्या मांसात रक्त पोचत नाही, रक्त नाही तिथे इंजेक्शनही पोचत नाही. कितीही भारी औषध चालू ठेवा, काळं पडलेलं बोट त्याने परत येत नाही. मामांची दोन बोटं काढावी लागली. मामेभावाने सही केली तेव्हा त्याचा हात थरथरत होता.

इथे अशा इंजेक्शनाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्याला हे देता येत नाही, म्हणून आधी विचारतात आणि ते खरं सांगावं. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस बदलतो, त्यासाठी क्रिएटिनिन तपासतात. व्हॅन्कोमायसिनबरोबर दिलं तर क्रिएटिनिनकडे आणखी लक्ष ठेवावं लागतं. ॲमिकासिन द्यायचंच असेल तर ते त्याच बाटलीत मिसळत नाहीत, कारण पिपरासिलिन त्याला निकामी करतं. जुलाब लागले तर ते डॉक्टरांना सांगायचं.

पण मोठी मर्यादा जीवाणूंकडून येते. कात्र्या एकाच जातीच्या नसतात. सीटीएक्स-एम-१५ नावाची कात्री नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भारतातल्याच नमुन्यांत पहिल्यांदा सापडली आणि जगभर पसरली. सेफ्ट्रियाक्सोनसारख्या औषधांना ती कापते. टॅझोबॅक्टम प्रयोगशाळेत तिला अडवतं, मग पेशंटमध्ये का नाही, असं बरीच वर्षं वाटत होतं. २०१८ साली मेरिनो नावाच्या चाचणीने याचं उत्तर दिलं. रक्तात सेफ्ट्रियाक्सोनला न जुमानणारे ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला असलेल्या पेशंटांना एका गटात पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, दुसऱ्यात मेरोपेनेम दिलं. तीस दिवसांत पहिल्या गटातले १२.३ टक्के गेले, दुसऱ्यातले ३.७ टक्के. रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेलं असूनही. जीवाणूंची संख्या मोठी असली की कात्र्या भरपूर होतात आणि टॅझोबॅक्टम कमी पडतं, हे त्याचं एक संभाव्य कारण. तेव्हापासून असा जीवाणू रक्तात सापडला की जाणते डॉक्टर या जोडीवर थांबत नाहीत.

आणि मेरोपेनेमलाही कापणारी एनडीएम नावाची कात्री आहे. तिचं नावच नवी दिल्लीवरून पडलं. २००८ साली तिथे उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका पेशंटमध्ये ती ओळखली गेली. या कात्रीच्या पात्यांत जस्ताचे अणू असतात, तिला ना टॅझोबॅक्टमचा डिंक चिकटतो ना त्याच्या पुढच्या पिढीतल्या ॲव्हिबॅक्टमचा. देशातल्या मोठ्या रुग्णालयांचे नमुने गोळा करणाऱ्या आयसीएमआरच्या जाळ्यात २०१७ साली शंभरांतले सुमारे ५७ ई. कोलाय पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमला बळी पडत होते. २०२३ साली ४२. हे आकडे मोठ्या रुग्णालयांतले आहेत, गावातल्या साध्या लघवीच्या संसर्गाचे नव्हेत, हे लक्षात ठेवूनही ते वाचून माझी झोप उडते. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणी केमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या पेशंटला ताप आला, की पहिल्या तासात भरवशाचं काहीतरी हाताशी लागतं. ते हाताशी उरलं नाही तर केमो देण्याचं धाडसच कमी होईल.

नव्या जोड्या येत आहेत, आणि त्यांत आपल्याकडचे हात आहेत. सेफेपीम-एन्मेटाझोबॅक्टम ही जोडी चेन्नईच्या ऑर्किड कंपनीच्या शोधातून आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला मंजुरी दिली. छत्रपती संभाजीनगरातल्या वोक्हार्टच्या संशोधन केंद्रात झिडेबॅक्टम तयार झालं, सेफेपीमबरोबर द्यायचं. त्याची रीत वेगळी आहे. एनडीएमची कात्री ते अडवत नाही. ते स्वतःच दुसऱ्या एका विणकराचा हात धरतं. सेफेपीम एका विणकरावर, झिडेबॅक्टम दुसऱ्यावर. म्हणजे ढाल म्हणून आणलेलं औषध स्वतः वार करायला लागलं, आणि मामेभावाच्या स्ट्रेप्टोसायक्लिनच्या उदाहरणाला थोडा मान मिळाला.

तिसऱ्या दिवशी मांसाच्या तुकड्याचा रिपोर्ट आला. दोन जीवाणू, स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि प्रोटियस. प्रत्येक औषधासमोर एस, म्हणजे चालतं, किंवा आर, म्हणजे चालत नाही. दोघांवरही ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड चालणार होतं. ताप दोन दिवस नव्हता, रक्तदाब जागेवर आला होता, मामा भाकरी मागत होते. डॉक्टर म्हणाले, “उद्यापासून मोठं इंजेक्शन बंद. साधं देऊ आणि दोन दिवसांत गोळीवर आणू.”

मामेभाऊ बाहेर येऊन माझ्यावरच चिडला. “भारी औषध लागू पडलंय, ते कशाला बंद करतेत? पैशाचं काय नाय आमचं.” त्याची भीती मला समजत होती. ज्याने वडिलांना परत आणलं ते काढून घेणं म्हणजे त्याला हात सोडल्यासारखं वाटत होतं. मी रिपोर्टवर बोट ठेवून त्याला दाखवलं. आता शत्रूचं नाव, गाव, घर सगळं ठाऊक आहे. या दोघांना मारायला साडेचार ग्रॅमची गरज नाही. ती चालू ठेवली तर पोटातले बाकीचे हजारो जीवाणू तिच्याशी झुंजायला शिकतील, आणि पुढच्या आजारपणात तीच बाटली आपल्या कामाची उरणार नाही. तो लगेच पटला असं नाही. डॉक्टरांना त्याने पुन्हा तेच विचारलं आणि त्यांनीही तेच सांगितलं.

गोळीतही जोडीच होती, हे बघून मामी हसल्या. “ह्यातबी वार झेलणारा हाय म्हण की.” आहे. फक्त लहान लढाईचा.

घरी जाताना मी मामेभावाला गावातल्या त्या पहिल्या गोळ्यांबद्दल बोललो. सेफालोस्पोरिनच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीची औषधं, मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम वगैरे शेड्यूल एच-वन या यादीत २०१४ पासून आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि दुकानदाराला पेशंट व डॉक्टरचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. पाकिटावर लाल रेघ असते ती अशा चिठ्ठीच्या औषधाची खूण. आधी पायाकडे बघून मग दवाखान्यात यायचं, आणि ते पाचव्या दिवशी, नवव्या नव्हे, एवढंच मी त्याला म्हणालो. त्याने काही उत्तर दिलं नाही. गाडीत बसून मामांच्या पायाखाली उशी सरकवली.

पुढच्या मृग बहारात मी सांगोल्याला गेलो तेव्हा मामा बांधावर बूट घालून उभे होते. जेवणानंतर त्यांनी सातबाऱ्याच्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी उघडली आणि तिच्यातून तो कल्चरचा रिपोर्ट काढला. घडीवर फाटू नये म्हणून मागे चिकटपट्टी लावली होती. “डॉक्टर म्हणलं हुतं, ह्यो ठिवा. पुन्हा काय झालं तर पयला ह्यो दाखवायचा. कुठलं औषध चालतंय ते कळतंय म्हणं,” ते म्हणाले आणि कागद पुन्हा सातबाऱ्याच्या वर ठेवला.